आईचे डोळे शाबूत होते

"आजी, फोटो ठणठणीत आहे. डोळे तुमचे गेलेत."

हे वाक्य भोरच्या एका फोटोवाल्यानं माझ्या आईला तोंडावर ऐकवलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात मला लोकांनी फसवलं, धंद्यात मीही काहींना आडवं घेतलं. त्यातलं बहुतेक मी विसरून गेले आहे. हे वाक्य विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

तेव्हा किकवीला, पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला, माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे बाकडी, चूल आणि वर पत्रा. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा मी नेसत्या लुगड्यानिशी वेल्ह्याकडच्या आमच्या गावी आईकडे परत आले. वडील आधीच गेलेले. डोंगरातल्या वाड्यांवरून अंडी गोळा करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन भोरला विकायची, असा माझा धंदा सुरू झाला. प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून बघितल्याशिवाय मी घेतलं नाही. बायका म्हणायच्या, "काय गं, आमच्या कोंबडीवर इस्वास न्हाई व्हय?" मी म्हणायची, "कोंबडीवर हाय, तुमच्यावर न्हाई." त्या अंड्यांवर हॉटेल उभं राहिलं आणि मी आईला न् धाकट्या बहिणीला किकवीला घेऊन आले.

भाव करायची माझी एक रीत आहे. घासाघीस करायची ती आधी, हवी तेवढी. एकदा ठरलं की ठरलं तेवढं पूर्ण द्यायचं आणि ठरलं तेवढं पूर्ण घ्यायचं. त्या फोटोच्या बाबतीतही मी तसंच केलं होतं, म्हणूनच राग येतो. त्यानं ठरलेलं दिलं नाही.

हॉटेलवर पत्रा चढला त्या हिवाळ्यात बहिणीनं हट्ट धरला, की आपण तिघींनी भोरला जाऊन फोटो काढायचा. तेव्हा गावाकडे फोटो म्हणजे लग्नाचा, नाहीतर माणूस मेल्यावर घाईघाईनं काढलेला. उठसूट कुणी फोटो काढत नसे. आई म्हणाली, "कशाला? काय झालंय आपल्याला?" बहीण म्हणाली, "काय झालं न्हाई म्हनूनच."

फोटोवाल्याचं दुकान बाजाराच्या गल्लीत, माडीवर होतं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस आणि बाजूला खांब. मी आधी जिन्यातच त्याच्याशी भाव केला. पोस्टकार्डाएवढा नको, मोठा हवा, त्याच्या दोन कॉप्या आणि एकीला काचेची फ्रेम. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुम्ही बाजारात उभ्या राहिलात तर सगळं भोर विकून याल."

"त्याचं कोन काय देनार? तुमी फोटोचं बोला," मी म्हणाले.

शेवटी ठरलं. त्यानं आईला खुर्चीत बसवलं, मला तिच्या उजव्या हाताला उभं केलं आणि बहिणीला डाव्या हाताला, अगदी कडेला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते आणि ती काही केल्या हसायची थांबेना.

"ताई, दात झाका," तो काळ्या कापडाखालून म्हणाला.

"मग नाक बी झाकू का?"

आईनं तिला कोपरानं ढोसलं. आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. आई जरा रागावलेली, मी ताठ आणि बहीण दात दाखवून हसणारी.

फोटो हातात आला तेव्हा फार छान होता, खोटं बोलणार नाही. बहिणीच्या पोलक्याची बटणं मोजता येत होती. वेणीत माळलेलं शेवंतीचं फूल पाकळीन् पाकळी दिसत होतं. फोटोवाला म्हणाला, "पक्का फोटो आहे. तुमची नातवंडं बघतील."

बहीण म्हणाली, "हिला नवरा न्हाई, मला अजून मिळायचाय. नातवंडं तुमच्याच फोटोच्या पेटीतनं काढा."

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप भरला. तो उतरलाच नाही. एवढंच लिहिते.

फ्रेम आम्ही हॉटेलात कधी लावली नव्हती. ती मागच्या खोलीत, आईच्या अंथरुणाच्या वर होती. दुसरी कॉपी त्याच्या पाकिटातच कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली होती. आई रोज आंघोळ झाली की पदरानं काच पुसायची आणि पोरीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवायची. मग तशीच उभी राहून तिच्याशी काहीबाही बोलायची. आज भजी करपली, सारोळ्याकडचा दूधवाला पाणी घालतोय, असलंच. मी मुद्दाम आत जात नसे.

दोन-अडीच वर्षांनी असेल, आई मला विचारायला लागली, "आज आभाळ आलंय का गं?" बाहेर लख्ख ऊन असायचं. मग ती डोळे चोळायला लागली. मग कुणी सांगितलं म्हणून डोंगरातला मध आणून तिनं डोळ्यांत घातला. डोळे लालभडक होऊन घळाघळा वाहिले, ती ओरडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. काय होतंय ते सांगेना. मी हॉटेलात अडकलेली. मला वाटलं, वय झालं.

एका बाजाराच्या दिवशी ती एकटीच एसटीनं भोरला जाऊन आली. मला सांगितलं होतं, नात्यातल्या कुणाला भेटायला जाते. बगलेत लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते मी बघितलं, पण विचारलं नाही. परत आली. चहा दिला तर पेला चाचपडत घेतला. सकाळपर्यंत नीट चालणारी बाई भिंतीला हात लावून आत गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोळं गेलं माजं."

"कोन म्हनलं?"

"फोटोवाला. म्हनलं पोरगी अंधूक दिसतीया, काच काढून पुसून दे. तर त्यानं बगितलं आन म्हनला, फोटो ठनठनीत हाय, डोळं तुमचं गेल्यात. शिकलेला मानूस हाय. त्यो कशाला खोटं बोलंल?"

दुकानात शेजारी कुणी गिऱ्हाईक बसलं होतं, तेही हसलं म्हणे. आईनं हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

त्या दिवसापासून ती म्हातारी झाली. रस्ता ओलांडणं बंद केलं, पेले विसळणं बंद केलं, विहिरीवर जाणं बंद केलं. आणि फोटोशी बोलणंही बंद. मला म्हणाली, "कुकू आता तूच लाव. मला न्हाई दिसत. बोट पोरीच्या डोळ्यात जायाचं."

मी लावत राहिले. पहाटे चूल पेटवायच्या घाईत, अंधारात, कुंकवाच्या जागेवर बोट ठेवायचं आणि पळायचं. जागा हाताला माहीत होती. मी फोटोकडे बघत नव्हते.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर वेल्ह्याकडून नवा तांदूळ आला. आई आतल्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती. मी हिशेब करत होते. ती म्हणाली, "लई खडं हायेत गं ह्यात. कोन दिला? फसली तू." आणि चिमटीत धरून एक खडा तिनं माझ्यासमोर टाकला. तांदळाच्या कणीएवढा, तांदळाच्याच रंगाचा. मग दुसरा. मग गवताचं एक बी. मी बघतच राहिले. ज्या बाईला पेला दिसत नाही तिला ही कणी दिसते?

मी उठले, आत जाऊन फ्रेम खिळ्यावरून काढली आणि बाहेर रस्त्यावर, उन्हात आणली.  फोटो शिळ्या पिठल्यासारखा पिवळा पडला होता. आई दिसत होती, मी दिसत होते, पडद्यावरचा हंससुद्धा दिसत होता. पण बहिणीच्या बाजूच्या कडेनं तपकिरी ओघळ आत शिरला होता, आणि जिथं बहीण उभी होती तिथं कुंकवाखाली नुसता एक फिकट आकार उरला होता. दात नाहीत, फूल नाही, बटणं नाहीत.

तरी मला स्वतःचा भरवसा वाटेना. बाकड्यावर एक ट्रकवाला पाव खात बसला होता. मी फ्रेम त्याच्यासमोर धरली. "दादा, ह्यात मानसं किती हायेत?"

"दोन बाया," तो म्हणाला. "आन हिकडं पडद्याला डाग पडलाय."

मागे उंबऱ्यावर सुपाचा आवाज थांबला. आईनं ऐकलं होतं.

मी चुलीवर पाणी ओतलं, हॉटेल बंद केलं, पेटीच्या तळातलं ते पाकीट काढलं आणि मिळेल त्या गाडीनं कापूरहोळ, तिथून भोर गाठलं. वाटेत पाकीट उघडून बघितलं. चुलीचं तोंड न बघितलेली, उजेड न बघितलेली ती कॉपी, तिचीही तीच गत. तिथून पुढे मला गाडीतलं काही आठवत नाही.

माडीवर एक नवीन जोडपं आणि त्यांची माणसं फोटो काढायला बसली होती. नवरीचं डोकं खाली, नवऱ्याच्या ढगळ कोटाला मागून टाचण्या लावलेल्या.

मी फ्रेम त्याच्या टेबलावर आपटली. "माझी बहीण कुठाय?"

"काय?"

"तीन बायांचा फोटो काढला होता तुमी. एक कुठं गेली?"

त्यानं एकदा फ्रेमकडे बघितलं, एकदा त्या नवऱ्याकडल्या माणसांकडे. "बाई, तुमचं हॉटेल आहे ना? धुरानं जातो फोटो. चुलीच्या धुराला मी काय करणार?"

मी पाकिटातली कॉपी काढून फ्रेमशेजारी ठेवली. "हिला कुठला धूर लागला? ही पेटीत व्हती. हे तुमचंच पाकीट."

त्यानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "दमट असेल तुमची पेटी."

"पेटी दमट, चूल वाईट, म्हातारीचं डोळं फुटकं. तुमचं तेवढं समदं चांगलं, न्हाई का?" मी नवरीकडच्या म्हाताऱ्याकडे वळले. "बाबा, फोटो काढताय ते बरंय. पन नवरीला आत्ताच नीट बघून घ्या. दोन वर्सांनी ह्यातनं ती निघून जाईल, नुसता नवरा ऱ्हाईल."

म्हातारा उठून उभाच राहिला. "काय हो, खरं हाय का?"

तेव्हा फोटोवाला चिडला. खरं काय ते चिडल्यावरच बाहेर आलं. "अहो, फोटो मसाल्याच्या औषधातनं काढल्यावर वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो! मसाला कागदात राहिला तर तो खातो फोटो. मलाही कळतं! पण नळ येतो सकाळी घटकाभर. दिवसाचे सगळे फोटो एका घंगाळात, एकावर एक. कुठून आणू मी वाहतं पाणी? पुण्याहून?"

"वाहतं पानी?" मी म्हणाले. "आन नीरा नदी काय तुमच्या दाराम्होरनं जाऊन झोपली व्हय?"

नवऱ्याकडची पोरं फिदीफिदी हसली. तो लालबुंद झाला.

याला माहीत होतं. मला आजही याचाच संताप आहे. चूक सगळ्यांची होते, माझीही भजी करपतात. पण याला कशानं काय होतं हे ठाऊक होतं, आईनं फोटो पुढे केला तेव्हा काय झालंय हेही त्यानं एका नजरेत ओळखलं असणार, आणि तरी त्यानं म्हातारीचे डोळे काढून घेतले. पाणी वाचवलं ते वेगळं. ती डोळ्यांत मध घालत होती.

मी निगेटिव्ह मागितली. तो म्हणाला, निगेटिव्ह फोटोवाल्याची असते, ती कुणाला देत नाहीत. मी म्हणाले, देऊ नका, पण दाखवा. खूप धुंडाळून त्यानं एका खोक्यातून ती काढली. मी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, जशी आयुष्यभर अंडी धरली तशी. आई काळी, मी काळी, बहिणीचे दातही काळे. पण होते, दोन्ही होते, एकावर एक चढलेले. आणि कोपऱ्यात एक तपकिरी डाग वर चढायला लागला होता. बहिणीच्या पायापर्यंत आला होता.

"हीबी त्याच घंगाळात धुतली का?"

त्यानं खोकं ओढून झाकण लावलं.

मग मी खाली जिन्यात जाऊन बसले, अगदी मधल्या पायरीवर. जोडपं आणि त्यांची माणसं माझ्या बाजूनं अंग चोरून उतरून गेली, फोटो न काढताच. आणखी दोघं येऊन परत गेली. बराच वेळ गेला. शेवटी तो वरून म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला?"

मी भाव सांगितला. आत्ताच्या आत्ता त्या निगेटिव्हवरून नवा फोटो काढायचा. निगेटिव्हही पुन्हा धुवायची. आणि दोन्ही धुवायचं ते नीरेत, माझ्यासमोर. यातलं काही कमी होणार नाही.

तो अंधाऱ्या खोलीत गेला. मी बाजारातून बुरुडाकडची एक नवी रोवळी आणली, तांदूळ धुवायची, आणि वरून बांधायला पातळ फडकं. संध्याकाळी उन्हं कलताना आम्ही घाटावर उतरलो. पावसाळा सरून पाणी निवळलं होतं. फोटोवाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा आणि त्याच्या हातात रोवळी. खाली धुणं धुणाऱ्या बायांनी त्याला सोडलं नाही.

"काय हो फोटोवाले, आज भात घालताय का जेवायला?"

"अगं न्हाई, कुनाचा तरी नवरा बुडवत्यात."

"माजा बी घाला त्यात, लई दिवस झालं धुतला न्हाई."

मी काठावर बसून होते. तो मधेच म्हणाला, "झालं आता." मी म्हणाले, "तासभर म्हनला व्हता." पाण्यात त्याचे पाय गारठले होते. मला वाईट वाटलं नाही.

फोटो वाळला तेव्हा त्यात बहीण परत आली होती. पहिल्याइतकी नाही. पायाशी डाग राहिला, तो धुतला तरी गेला नाही. पण दात आले, फूल आलं, हसणं आलं.

मग मी शेवटची गोष्ट मागितली. "आता माझ्यासंगं किकवीला चला आन आईला सांगा, तुमचं डोळं चांगलं हायेत, म्या खोटं बोललो."

तो मला म्हणाला, आणि शांतपणे म्हणाला, "फोटो दिला ना? आणखी दोन देतो, हवं तर. पण एका म्हातारीसाठी एवढ्या लांब येऊन मी काय कान धरू? ती विसरली पण असेल."

एवढ्या वर्षांत मी भावात एकदाच हरले, ती त्या घाटावर. माझ्याकडे त्याला द्यायला काही उरलं नव्हतं आणि त्याच्याकडून घ्यायचं तेच तर राहिलं होतं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. 

रात्री उशिरा किकवीला पोचले. आई अंथरुणावर बसली होती. मी कंदील जवळ घेतला आणि नवा फोटो आणि जुना फोटो शेजारी शेजारी तिच्या मांडीवर ठेवले. तिनं नव्या फोटोकडे बघितलं आणि पहिलं बोलली ते हे, "दात झाकलं न्हाईत बग कार्टीनं."

मग जुन्याकडे. पुन्हा नव्याकडे. हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं.

"म्हंजी माजं डोळं..."

"चांगलं हायेत. चांगलंच व्हते."

 मला वाटलं रडेल, पण रडली नाही. म्हणाली, "मग म्या एवढं दीस तिच्याशी बोलायचं सोडलं ते उगीच?"  मी नुसती शिव्या देत राहिले त्याला. ती म्हणाली, "गप बस. तुज्या शिव्यांनी त्येला काय व्हतंय?"

पुढच्या बाजाराला सकाळी उठून बघते तर आई नाही. दुपारच्या गाडीनं परत आली, रस्ता एकटीनं ओलांडून, ताठ. मी विचारलं, कुठं गेली होतीस. ती चुलीपाशी बसली, पेल्यांच्या बादलीत हात घातला आणि विसळता विसळता सांगितलं.

भोरला गेली होती. माडी चढून गेली. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. फोटोवाला म्हणाला, "या आजी, बसा." ती बसली नाही. तिनं कनवटीची बारीक सुई काढली, तीच सुई जिनं ती पोलक्याची काजं शिवायची, आणि दोरा काढला. त्याच्या पुढ्यात उभं राहून, त्याच्याकडेच बघत, सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला. गाठ मारली आणि सुई पुन्हा कनवटीला लावली.

"मग त्यो काय म्हनला?"

"काय पायजे आजी, म्हनला. म्या म्हनलं, काय न्हाई. दोरा ववला, बगितलंस न्हवं?"

"आन मग?"

"मग काय, आले."

मी म्हणाले, मी असते तर ती सुई त्याला टोचली असती. आई म्हणाली, "व्हय, म्हनून तर तुला न्हाई नेलं." आणि पेले पालथे घालून ती आत गेली. खोलीतून तिचा आवाज यायला लागला. दुधात पाणी, करपलेली भजी, आणि त्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या कशा उंच होत्या ते. मी आत गेले नाही.